चौदाव्या भागापासून काका

मी एका धडधाकट माणसाला तेरा भाग मामा म्हणून ठेवलं आणि चौदाव्या भागात त्याचा काका करून टाकला. बरं, केलं ते केलं, वर विसरूनही गेले. मग विसाव्या भागात त्याच माणसाच्या मुलीचा साखरपुडा मी त्याच्याच पुतण्याशी लावून दिला. म्हणजे चुलतभावाशी! शुद्ध मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. आणि हे करत असताना मी दिवसा शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवत होते आणि मुलींच्या वह्यांत 'आधी काय लिहिलं ते वाचत जा' असे लाल शेरे मारत होते.

माणूस खरा नव्हता, एवढंच नशीब. तो हिरवा होता, त्याला चार कान होते आणि तो अंतराळात लाँड्री चालवायचा.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या काळ्या तारा लोंबत होत्या आणि परदेशी कार्टूनं एकाएकी मराठीत बोलायला लागली होती. ती आपणहून थोडीच बोलतात? कुणीतरी लिहून द्यावं लागतं. ओळखीतून ते काम माझ्याकडे आलं. एका जहाजाची गोष्ट होती. ते ग्रहाग्रहांवर जाऊन तिथल्या विचित्र प्राण्यांचे कपडे धुवायचं. पाच हातांचे सदरे, शेपटीला बटणं लावलेल्या विजारी. जहाजाचा कप्तान हा चार कानांचा हिरवा गृहस्थ, त्याची मेकॅनिक मुलगी, तिच्यावर जीव टाकणारा आळशी पायलट, आणि एक सदा वैतागलेली, बोलणारी इस्त्री.

मूळ इंग्रजीत इस्त्रीला पुरुषाचा आवाज होता. पण मी व्याकरण शिकवणारी बाई. इस्त्री स्त्रीलिंगी म्हणजे स्त्रीलिंगी! त्यामुळे रेड्यासारख्या आवाजाचा एक नट माइकसमोर उभा राहून सव्वीस भाग म्हणत राहिला, "मी तापले आहे, मला हात लावू नका."

आता तो मामा. पायलट कप्तानाला 'अंकल' म्हणायचा. इंग्रजांना सोपं आहे, एका शब्दात सगळं खानदान उरकतात. मला मात्र ठरवणं भाग होतं. काका म्हणावं तर मुलगी चुलतबहीण होते, आणि पायलट तिच्याकडे बघून शिट्ट्या मारतोय! म्हणून मी मामा केला. मामाची मुलगी चालते, सगळा महाराष्ट्र गालात हसून मान डोलावतो. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या दिवशी विनाकारण शिरा केला.

स्टुडिओ मार्केट यार्डच्या मागच्या अंगाला होता. कांद्या-बटाट्याच्या गोदामाशेजारी दोन खोल्या आणि भिंतींना ठोकलेल्या गाद्या. चौदाव्या भागाच्या दिवशी ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ काचेमागून म्हणाले, "मॅडम, घोळ आहे. मामा म्हणताना ओठ दोनदा मिटतात. हा बघा."

पडद्यावर पायलटचं तोंड. अख्खा पडदाभर. गुहेसारखं उघडं. आधीच्या तेरा भागांत तो नेहमी शिरस्त्राण घालून किंवा पाठमोरा बोलला होता, त्यामुळे ओठांची भानगड आलीच नव्हती.

"मग?"

"ओठ न मिटता म्हणता येईल असं काहीतरी द्या. आणि लवकर द्या, चारला गोदामात ट्रक लागतो."

मी कागदावर 'मामा' खोडलं आणि वर 'काका' लिहिलं. समासात माझ्यासाठी टीप लिहिली: 'ओठ मिटत नाहीत. काका करावे. तोंडाशी जुळते.' मग पुढचे भाग आले, हाताला वळण पडलं होतं, मी काकाच लिहीत गेले. तेरा भागांतल्या मामाची आठवण? छे! मनात म्हटलं, दुपारी तीन वाजता हे बघतंय कोण?

घरी मी सांगितलं होतं, 'एका विज्ञानग्रंथाचा अनुवाद करतेय'. सांगणार काय दुसरं? डब केलेल्या मालिकांच्या मराठीवर स्टाफरूममध्ये मीच अर्धा तास तोफ डागली होती. खरं ठाऊक होतं ते फक्त आमच्या ह्यांना, कारण व्हीसीआरमध्ये कॅसेट घालणं मला जमत नसे. आमची मुलगी क्लासला गेली की हे हाक मारायचे, "चला, ग्रंथाचा पुढचा खंड आलाय. आज त्याचे कान वाजतायत म्हणे."

आणि माझा कळस पुढेच आहे. मुलगी तेव्हा दहावीत. 'कार्टून बघून डोक्याचा भुसा होतो' असं म्हणून मी केबलवाल्याला बोलावलं आणि तिच्यादेखत घरातली तार कापून घेतली. ती हुंदके देत क्लासला गेली. मी दार लावलं आणि ह्यांच्याकडून सतराव्या भागाची कॅसेट टाकून घेतली. इतकी ढोंगी बाई आज मला कुठे भेटली तर मी तिला वर्गाबाहेर उभं करेन.

आठ-नऊ वर्षं गेली. आम्ही वारज्याला नव्या इमारतीत राहायला आलो. मुलगी इंजिनिअर होऊन हिंजवडीला टेस्टर म्हणून लागली. टेस्टर म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका हुडकून काढणारी. मी आयुष्यभर तेच केलं, पण मला कुणी एसीत बसवलं नाही.

एका रविवारी ती म्हणाली, "आई, आमचा ग्रुप येणारे. सात जणांचे पोहे करशील? आम्ही एका जुन्या कार्टूनवर चर्चा करतो."

म्हटलं करा बापडे. मी मोहरी टाकली, आणि हॉलमधून रेड्यासारखा आवाज आला, "मी तापले आहे, मला हात लावू नका." पाठोपाठ सातही जणांचा हशा.

फोडणी करपली. मी पोहे तसेच वाढले.

केबलवरून कुणीतरी टेपा भरल्या होत्या, त्यांच्या सीड्या झाल्या होत्या, त्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलांतून फिरल्या होत्या. मराठी संकेतस्थळावर ही मंडळी दोन वर्षं एकमेकांशी भांडत होती आणि आता समोरासमोर भांडायला माझ्या हॉलमध्ये जमली होती. मूळ इंग्रजी कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या लेखी जे काय होतं ते मी लिहिलेलं. एका दाढीवाल्यानं वहीच केली होती: 'विसंगती'. सातव्या भागात जहाज निर्वात अंतराळात असताना बारीक आवाज ऐकू येतो, 'मागं घ्या, मागं घ्या, अजून मागं!' हा कोण?

"दुसरं अदृश्य जहाज," दाढीवाला म्हणाला. "धंद्यातलं प्रतिस्पर्धी."

लोणी काळभोरहून दोन बस बदलून येणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "नाय, ती इस्त्रीची मागच्या जन्माची आठवण हाय. इस्त्रीवाल्याची हातगाडी."

तो चारचा कांद्याचा ट्रक होता. मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात उभी.

पण सगळ्यात मोठं भांडण मामा-काकाचं. आणि त्यात दोन बाजू होत्या. एका बाजूला माझी मुलगी, दुसऱ्या बाजूला यवतमाळकडून आलेला एक उंच, सावळा मुलगा. तिच्याच कंपनीत दुसऱ्या मजल्यावर होता.

"काही गूढ नाही," तो पहिल्याच रविवारी म्हणाला. "भाषांतर करणारा झोपला होता. दुसरं काय!"

त्याच्या दुसऱ्या वाढीत चमचाभर मीठ जास्त पडलं. चुकून.

मुलीचा सिद्धांत ऐकण्यासारखा होता. तेराव्या भागात जहाज एका राक्षसी धुलाई यंत्रातून जातं. ती उशीचा अभ्रा हातात घेऊन उभी राहायची. "कपडा धुताना आपण काय करतो? उलटा करतो. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. जहाज त्यातून जाताना सगळं जगच उलटं झालं. आईकडचं ते वडिलांकडे गेलं. म्हणून मामाचा काका झाला. त्यांना स्वतःला कळलेलंसुद्धा नाही! म्हणून तो साखरपुडा ही शोकांतिका आहे. आपल्याला माहितीये, त्यांना माहीत नाही." आणि ती अभ्रा झटकन उलटा करायची.

दोन वर्षं तिनं या अभ्र्यावर काढली होती. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजून आल्यावर, जिथे काहीच चूक नाही असं एक जग तिनं स्वतःसाठी शोधलं होतं. हे तिनं मला सांगितलं नाही. पण अभ्रा कसा जपून घडी करून ठेवायची ते मी बघत होते.

"अरे, आमच्याकडं तर बायकोच्या आईबापाला मामी-मामाजीच म्हणतात," यवतमाळचा म्हणायचा. "मग तो मामा भावी सासरा म्हणून असंल. अन् काका झाला तो झोपेत."

"तुमच्याकडे काहीही म्हणतात," मुलगी फणकारायची. आणि मग पोह्यांवरचे तळलेले दाणे वेचून त्याच्या ताटलीत टाकायची, स्वतःला आवडत नाहीत म्हणून. लहानपणापासून ती दाण्यांसाठी भांडत आलेली. मी काय समजायचं ते समजले.

मुलगा गुणी होता, ताटल्या उचलून आत आणायचा. फक्त 'ळ'ची बोंब. "काकू, तुरीची दाय कुठी ठेवू?" मी पडले पुण्याची मराठीची बाई. त्याला फळीसमोर उभं केलं आणि बरणीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "वाचा. डाळ. ळ. जीभ मागे वळवा." माझा 'ळ' जरा नखऱ्याचा आहे, शेवटाला शेपटी मुरडते. त्यानं ती चिठ्ठी मन लावून वाचली. चार रविवार मी त्याच्याकडून ळ घोटवून घेतला. डाळ, तीळ, गूळ, वेलदोड्याची साल काळी. स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध पुरावा शिकवणारी मास्तरीण दुसरी झाली नसेल.

कारण पाचव्या रविवारी तो म्हणाला, "तो स्टुडिओ बंद झाला, पण रेकॉर्डिंग करणारे सापडले. जुने कागद आहेत म्हणतात त्यांच्यापाशी. पुढच्या रविवारी घेऊन येतो."

मुलगी पांढरी पडली. मग म्हणाली, "आण ना. चूक निघाली तर मी ग्रुप सोडते. आणि तुझ्याशी बोलणंही."

"अन् नाही निघाली तर?"

"तर सगळ्यांसमोर म्हणायचं, मी चुकलो."

दोघंही हट्टी. मागे कोण हटणार?

सगळे गेल्यावर मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली घेतला. "म्हणजे तुझ्या विज्ञानग्रंथापायी पोरीचं जमत आलेलं मोडणार. बरं झालं, मी अजून कुणाला काही बोललो नव्हतो." आणि पेपर वर.

आठवडाभर मी नीट जेवले नाही. कागद दिसले की मुलीला दोन गोष्टी एका क्षणात कळणार होत्या. तिच्या दोन वर्षांच्या सिद्धांताखाली फक्त एक उघडं तोंड होतं. आणि तिची तार कापणारी आईच ते तोंड भरत होती.

पुढच्या रविवारी तो तास-दीड तास आधीच आला. मुलगी कोथिंबीर आणायला खाली गेली होती. हातात खाकी पाकीट. तो सरळ स्वयंपाकघरात आला, एक कागद काढला आणि डाळीच्या बरणीला लावून धरला. दोन्हीकडे शेपटी मुरडलेला ळ.

"काकू," तो हळू म्हणाला, "हा 'जुळते' वाचून राहिलो होतो काल. अन् मला एकदम तुरीची डाळ दिसली."

'डाळ' अगदी स्वच्छ म्हणाला. मला तेवढ्यातही अभिमान वाटला.

"तिला सांगितलंस?"

"नाही जी. दाखवलं तर ती गेली. लपवलं तर मी लबाड. काय करू?"

आता शहाणी बाई काय करेल? मी काय केलं ते ऐका. मी पाकीट त्याच्या हातातून हिसकावलं आणि मोठ्या डब्यात, तुरीच्या डाळीत, कोपरापर्यंत हात घालून पुरलं. झाकण लावलं. "काही मिळालं नाही म्हण," मी त्याला बजावलं. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगत आले होते.

दहाला सगळे जमले. मुलगी अभ्रा घेऊन बसली होती, पण उलटा करत नव्हती, नुसता मुठीत चुरगाळत होती.

"आणलेस कागद?"

"नाही मिळाले," तो म्हणाला, छताकडे बघत.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "खोटं बोलतोयस. तुझे कान लाल झालेत."

"नाही बा."

"मिळालेत तुला. आणि माझी कीव येऊन तू लपवतोयस. मला हरवलं असतंस तर चाललं असतं रे. कीव नको." आणि ती उठली. चप्पल घालायला निघाली, स्वतःच्याच घरातून!

मी दारात ताटल्या घेऊन उभी. तो मान खाली घालून बसलेला, माझं नाव घेत नव्हता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी ताटल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "कागद डाळीच्या डब्यात आहेत. मी लपवलेत. कारण ते मीच लिहिलेत."

कुणालाच काही कळेना. मी आत जाऊन पाकीट आणलं, डाळ झटकली आणि मुलीच्या हातात दिलं. मग सगळं सांगितलं: मामाची मुलगी चालते, उघडं तोंड, मिटणारे ओठ, कांद्याचा ट्रक. "काही उलटंसुलटं झालं नव्हतं. हा मुलगा म्हणतो ते खरं. भाषांतर करणारी झोपलीच होती."

मग दाढीवाला खाकरला.

"काकू, तुम्ही लिहिलंत हे ठीक आहे. पण त्याचा अर्थ काय, हे तुम्ही कसं ठरवणार?"

"अरे, मी लिहिलंय!"

"तेच म्हणतोय. तुम्ही फक्त लिहिलंत."

लोणी काळभोरची म्हणाली, "आन् बगा काकू, तेराव्या भागात धुलाई, चौदाव्यात काका. नेमकं चौदाव्यातच त्याचं तोंड का उघडं ऱ्हायलं? हाय का उत्तर?"

तिनं विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. मग रीतसर हात वर झाले. ट्रक हा ट्रक नसून अदृश्य जहाजच आहे आणि मामाचा काका धुलाईतच झाला, हे बहुमतानं ठरलं. माझी साक्ष वहीत 'विसंगती क्रमांक एकेचाळीस' म्हणून नोंदली गेली. सदतीस वर्षं शिकवलं, इतक्या सभ्यपणे मला कुणी मठ्ठ ठरवलं नव्हतं.

मुलगी अजून समासातली टीप वाचत होती. तिनं मान वर केली.

"दहावीत तार कापलीस, तेव्हा तू कितव्या भागावर होतीस?"

"सतराव्या," मी म्हणाले.

"मी बाराव्या. क्लास बुडवून मैत्रिणीच्या घरी बघत होते."

ती हसायला लागली. आधी नाकातून, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटचं पाणी नुसतं हसण्याचंच होतं की काय, मी विचारलं नाही. तिनं अभ्र्याला डोळे पुसले. मग त्याच्याकडे वळली. "आणि तू खोटं कुणासाठी बोललास? माझ्यासाठी की आईसाठी?"

"दोघींसाठी बोललो," तो म्हणाला, "म्हणून जमलं नाही."

"चूक निघाली. म्हणजे मी ग्रुप सोडायचा?"

"कुठं निघाली?" तो म्हणाला. "आता तर मतदान झालं. मी चुकलो." सगळ्यांसमोर म्हणाला. कान जराही लाल नव्हते.

पोहे गार झाले होते, तरी कढई पुसून खाल्ली. एकेक जण निघाला. हा सगळ्यात मागे. मुलगी चपलांच्या कपाटापाशी बसून त्याचा एक बूट शोधत होती. तो तिच्याच हातात होता. हे आत पेपरामागे होते, पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता. मुलीनं मान न वळवता त्याला कोपरानं ढोसलं. तो दारात सरळ उभा राहिला, परीक्षेला उभा राहावा तसा, आणि मला म्हणाला:

"काकू, इतके दिवस काकू म्हणून राहिलो. पुढच्या भागापासून मामी म्हटलं तर चालते का जी? ओठ दोनदा मिटवायचा सराव करून आलोय."